डॅकचा कौल

रविकांत परबांचे कान सगळ्या गावाच्या मालकीचे होते. भजनात कोणाचा टाळ मागे पडला, कोणाचा सूर उतरला, हे ते पेटी वाजवता वाजवता नुसती भुवई उचलून दाखवत. ज्याच्यासाठी ती भुवई उचलली जाई, तो पुढचे चार दिवस बाजारात मान खाली घालून फिरे. तीस वर्षं पेटी त्यांच्याकडेच होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी माडीवर मोठा अँप्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर मांडले. राहिला होता तो डॅक. डॅक म्हणजे काय, हे नाक्यावरच्या चहावाल्यालाही आता पाठ होतं. मोबाइलमध्ये गाणं असतं ते नुसते आकडे, त्या आकड्यांचा आवाज करून पुढे पाठवणारा डबा म्हणजे डॅक. साध्या डॅकमधला आणि भारी डॅकमधला फरक पाळण्यातल्या पोरालाही कळेल, असं रविकांत छातीठोकपणे सांगत.

पणजीला म्युझिक सिस्टिमच्या दुकानात असलेल्या त्यांच्या भाच्यानं, सुशांतनं, दोन डॅक आठ दिवस ऐकून बघायला बसनं पाठवले. एक साधा, काळा, साबणाच्या वडीएवढा. दुसरा भारी, रुपेरी, पोळपाटाएवढा. गोव्याहून आलेलं जड खोकं म्हणून इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ते उघडून पाहिलं गेलं आणि आत बाटली नाही म्हणून पुन्हा बंद झालं. ऐकायचं, एक ठेवायचा, दुसरा परत करायचा, इतकं सोपं काम होतं.

रविकांतांनी काळा लावला, डोळे मिटले, ऐकलं. रुपेरी लावला, डोळे मिटले, ऐकलं. काहीही फरक नाही. कानात खोबरेल सोडून बघितलं, उपाशीपोटी ऐकलं, पोटभर जेवून ऐकलं. छे.

पाचव्या दिवशी खाली बांगडे साफ करत बसलेल्या प्रेमलतानं हाक दिली, "अहो, ह्यो मगासचो न्हय. मगासच्यात तंबोरो जरा लांबसून येय होतो." रविकांतांनी नुकतीच वायर बदलली होती. त्यांनी बायकोला न सांगता आणखी तीनदा बदलली. तिन्ही वेळा खालून बरोबर उत्तर आलं.

आता त्यांना खरोखर घाम फुटला. आपला कान गेला, हे भजनमंडळाला कळलं की पेटी गुरुप्रसादकडे जाणार. त्या गुरुप्रसादनं गेल्या गणपतीतच नवी पेटी आणून ठेवली होती आणि ती लपवायची तसदीसुद्धा तो घेत नव्हता. पेटीशिवाय भजनाला जायचं म्हणजे कोपऱ्यात बसून चहाची वाट बघायची. ते रविकांतांना सोसणारं नव्हतं. सुशांतला काहीतरी ठाम सांगणं भाग होतं आणि आपण होऊन चुकीचं सांगायची भीतीही होती. म्हणून गावात लग्नापासून बांधाच्या भांडणापर्यंत जे करतात तेच त्यांनी केलं. रवळनाथाला कौल लावायचं ठरवलं.

प्रेमलताला घेऊन ते सकाळीच देवळात गेले, तर सभामंडपात जत्रेची बैठक भरलेली. सगळं भजनमंडळ हजर, पुढे गुरुप्रसाद. रविकांतांनी गणपत गुरवाला बाजूला घेतलं. "दोन वस्तू आसत. खंयची ठेवची, तेवढाच ईचार."

"कसल्यो वस्तू? आणि तुका सवताक ठरवूक काय झाला?"

"ता देवाक सांगूक व्हया?"

"अर्धवट सांगलंय तर देव कौल कसो देतलो?"

रविकांतांनी मग त्याच्या कानात सगळं सांगितलं, आणि देवाशिवाय कोणाला कळता कामा नये असं बजावलं. गणपतनं समजूतदारपणे मान हलवली. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग तो हात जोडून उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालायचं तसं खड्या आवाजात सुरू झाला. गाऱ्हाणं कधी कोणी कुजबुजत घातलंय?

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो रविकांत आज तुझ्या पायाकडे इलो आसा."

"व्हय म्हाराजा," अख्खी बैठक सवयीनं म्हणाली.

"आकड्यांचो आवाज करणारे दोन डबे ह्याणी हाडल्यान. पण दोनांतलो फरक ह्याच्या कानाक कळना नाय."

"व्हय म्हाराजा."

"कान ह्याचो कामातसून गेलो."

"व्हय म्हाराजा." यातला सगळ्यात मोठा आवाज गुरुप्रसादचा होता. रविकांतांना धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

रुपेरीचं विचारलं, डावी पाकळी पडली. काळ्याचं विचारलं, पुन्हा डावी. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. गणपतनं डोकं खाजवलं, मग स्वतःच्याच मनानं तिसरं विचारलं, "ह्याच्या घरात ज्याका ऐकूक येता, तेणीच ठरवचा काय, म्हाराजा?" वाक्य पुरतं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली.

पखवाज वाजवणारा भाई उठून जवळ आला. "वायट वाटून घेव नको रे. तू दोन वर्सां सूर चढो लावतंस, ता आमका म्हायत आसा. आमी सगळे तुझ्या सुरात गातो."

"मगे सांगलास कित्याक नाय?"

"तुझी भुवई कोण सोसतलो?"

घरी आल्यावर प्रेमलता हात धुऊन त्यांच्या खुर्चीत बसली. त्यांनी मुकाट्यानं वायरी बदलल्या. दोन्ही डॅक ऐकून ती म्हणाली, "रुपेरीत तंबोरो बरो. पण तेवढ्यासाठी एवढे पैसे कित्याक? काळो ठेवया."

त्यांनी मान डोलावली. काळा चालूच होता. तिनं उठायचं नाव काढलं नाही, डोळे मिटून ऐकत राहिली. इतक्या वर्षांत आपण हिला एकदाही या खुर्चीत बसवलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते तिच्या पायाशी जमिनीवर बसले.

"काय ऐकूक येता गो?"

"तबल्याच्या मागे कोणतरी हळूच खोकता."

"खऱ्यानी? आणि?"

"गप ऱ्हवा," ती म्हणाली, आणि डोळे न उघडताच तिनं भुवई उचलली.