सातव्या बटणाचा उशीर

डबा. या घरात मला सगळे डबाच म्हणतात, तेव्हा त्याच नावाने बोलतो. एखाद्या जाड पुस्तकाएवढा माझा आकार, पाठीला तीन वायरींची भोकं आणि छातीवर सोळा रबरी बटणं. प्रत्येक बटणात एकेक आवाज साठवता येतो. बटण दाबलं की तो वाजतो, आणि असे आवाज एकामागे एक लावत गेलं की गाण्याचा ठेका तयार होतो. माझ्याबद्दल एक वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि ते मला मुळीच मान्य नाही. “यंत्र आहे, आपोआप वाजतं.” आपोआप तर माझा दिवासुद्धा लागत नाही!

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी पांढरे हातमोजे घातलेली एक बाई बसायची. तिने माझी सोळाही बटणं एकेकदा दाबली, मान डोलावली आणि कागदावर खूण केली. मला वाटलं, झालो आपण वाद्य. कसलं काय!

पुढची दहा वर्षं मी एका हॉटेलात काढली. तिथला वादक जेवणाऱ्या लोकांसाठी हलकीफुलकी गाणी वाजवायचा. त्याला माझा एकच ठेका ठाऊक. तो सुरू करायचा आणि मला विसरून जायचा. एकदा त्याचा चहाचा कप माझ्यावर कलंडला. पंधरा बटणं बचावली, पण सातव्याखाली साखर जाऊन बसली ती कायमचीच. तेव्हापासून त्याचा आवाज जरासा उशिरा येतो. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याहूनही कमी, पण उशीर तो उशीरच. वादकाने मला जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकलं. एक बंद प्रिंटर आणि एका कानाचा हेडफोन यांच्यामध्ये मी धूळ खात पडलो.

तिथे मला ताई भेटली.

ताई लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं तिच्यावर ओरडायची आणि ती शांतपणे म्हणायची, “घाबरू नका, मोठा श्वास घ्या, माणूस निघालाय.” दुकानदाराने तिला आधीच बजावलं, “सातवं बटण बिघडलंय हं, नंतर तक्रार नको.” तिने माझ्याजवळ कान आणून ते बटण दहाबारा वेळा दाबलं.

“बिघडलेलं नाही,” ती म्हणाली. “थांबून बोलतं.”

त्या दिवसापासून मी तिचा.

घरात तिघं. ताई, गाणी लिहून गाणारा तिचा धाकटा भाऊ, आणि शाळांचे गणवेश शिवून उभी हयात घालवलेले वडील. मला पाहून वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला. “बटणं दाबून गाणं होतं? मग मी चाळीस वर्षं बटणंच लावली. मला कुणी कलाकार म्हटलं नाही ते!”

ताई हसली. दुसऱ्याच दिवशी तिने वडिलांच्या शिवणाच्या पायमशीनजवळ माइक धरला. पायाने दाबल्यावर येणारा तो धप्प आवाज तिने नेमका माझ्या सातव्या बटणात ठेवला. बाकीच्या बटणांत लिफ्टचं दार, पातेल्यावरचं झाकण, गच्चीच्या पाण्याच्या टाकीवर मारलेली थाप, असं काय काय. आवाज गोळा करायला तिला सात महिने लागले. कुठला आवाज कुठे सापडला, कुठला का टाकून दिला, सगळं ती एका वहीत लिहायची.

लोकांना वाटतं ठेका करणं म्हणजे ठोकत बसणं. ताईचा बहुतेक वेळ तर ऐकण्यात जायचा. ठेका सुरू करून ती शेजारच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची. घडी घालता घालता हात आपसूक ठेक्यात पडू लागले तर काम जमलं. नाही पडले तर परत पहिल्यापासून. धाकट्याचं गाणंही ती असंच घडवायची. “दुसरं कडवं काढून टाक, तेच ते सांगतोस.” “इथे ओरडू नकोस, जवळ येऊन बोल.” “या ओळीआधी मी सगळं बंद करते. तू एकटाच राहा.” धाकटा रुसायचा, पाय आपटत बाहेर जायचा, आणि परत आल्यावर तिने सांगितलं तसंच गायचा. हे काम करणाऱ्याला प्रोड्यूसर म्हणतात. घरात मात्र या कामाला ‘ताईची कटकट’ म्हणत.

अशा कटकटीतून वडिलांच्या मशीनवरचं गाणं तयार झालं. धाकट्याने ते गाण्यांच्या एका कंपनीला पाठवलं आणि तिथले साहेब खूश झाले. गाणं घेतो म्हणाले. फक्त ठेका आमची माणसं नव्याने लावतील, तुमचे आवाज तेवढे पाठवा. आणि नाव गायकाचं. “ठेका काय हो, कुणीही करतं. गाणं म्हणजे गळा.”

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, “ताई, पहिलंच गाणं आहे गं. पुढच्या वेळी तुझं नाव नक्की.”

“बरं,” ताई म्हणाली. अडकलेल्या माणसांशी बोलायची ना, त्याच आवाजात. मग तिने सोळा आवाज पाठवून दिले आणि माझ्यावर फडकं टाकलं. तीन आठवडे मी त्या फडक्याखाली होतो. मला इतका संताप आला होता की माझ्यात वीज असती तर मी फ्यूज उडवला असता.

एका दुपारी फोन आला. पलीकडे धाकटा रडकुंडीला आला होता. “ताई, अकरा वेळा गायलो. तिसऱ्या ओळीला श्वासच मिळत नाहीये. साहेब म्हणतायत, गाता येत नसेल तर राहू दे.”

“घाबरू नकोस. मोठा श्वास घे. मी निघालेय.”

तिने मला पिशवीत भरलं. वडीलही चपला घालून दारात हजर. “मीपण येतो. माझं मशीन आहे त्यात.”

रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेमागे बसलेले काका भले गृहस्थ होते. कौतुकाने सांगू लागले, “तुमच्या मूळ गाण्यात सातवा आवाज दर खेपेला मागे पडत होता. नव्याने लावताना मी सगळे ठोके मोजून नीट रेषेवर आणून ठेवले.”

“तो मागे पडत नव्हता,” ताई म्हणाली. “त्या फटीत हा श्वास घेतो. तुम्ही फट बुजवलीत.”

 काकांनी उठून स्वतःच्या हाताने माझी वायर जोडली.

ताईने वाजवलं. लिफ्टचं दार, झाकण, टाकीवरची थाप, आणि मग, किंचित थांबून, धप्प. धाकट्याने डोळे मिटले आणि तिसरी ओळ अशी गायली की जणू तो ती बोलतच होता. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या वडिलांचा उजवा पाय खालीवर होऊ लागला. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

“वा! हेच ठेवा,” साहेब म्हणाले.

ताईने माझी वायर उपटली. “माझं नाव?”

“अहो, बटणं दाबणाऱ्यांची नावं घालत बसलो तर...”

उठले ते वडील. “साहेब, चाळीस वर्षं मी प्रत्येक कॉलरच्या आत माझ्या नावाची चिठ्ठी शिवली. घालणारा दुसरा असतो, म्हणून शिवणारा नाहीसा होत नाही.”

“काका, तुमची लाइन वेगळी,” साहेब वडिलांना म्हणाले.

सगळे धाकट्याकडे बघू लागले. तो बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. मग त्याने हेडफोन टेबलावर ठेवला आणि पिशवीचं तोंड उघडून ताईपुढे धरलं. “घाल डब्याला. चल.”

 परतीच्या वाटेवर धाकटा म्हणाला, “चुकलंच माझं.” आणि ताई म्हणाली, “पिशवी नीट धर, आपटेल.”

गाणं त्यांनी घरूनच इंटरनेटवर लोकांपुढे ठेवलं. कंपनीने ठेवलं असतं तर खूप जणांनी ऐकलं असतं, हे मला कळतं. आम्ही थोड्यांपर्यंत पोचलो. पण गाण्याखाली आता नावांची पहिली ओळ ताईची आहे, दुसरी धाकट्याची. ते पाहून वडिलांनी पुन्हा चष्मा कपाळावर चढवला. “आणि धप्प कुणाचा? त्याचं नाव कुठाय?” मग तिसरी ओळ आली. पायमशीन : बाबा.

आता माझी चार बटणं झिजली आहेत आणि दिवा मिणमिणतो. उद्या कदाचित दुसरा डबा येईल, माझ्याहून हलका आणि हुशार. खुशाल येवो. तुम्हाला एवढंच सांगतो की गाणं आवडलं तर त्याच्याखालच्या ओळीही वाचा. त्या ओळी कोऱ्या असतील तर विचारा, मोठ्याने विचारा. आणि मला दुरुस्त करायला निघालात, तर सातव्या बटणाला हात लावायचा नाही. ते उशिराच वाजेल.