परवाचे वाल

घमेल्यात वाल होते. अख्खे, आंबूस फेसात तरंगणारे. सुचितानं नाकाला पदर लावला, तरी वास घशापर्यंत आलाच. हे वाल तिनं परवा रांधले होते.

"बाबा, आज काय खाल्लं व्हतं?"

"पेज. दुसरं काय न्हाय," तोंड पुसत सासरा म्हणाला.

जन्मभर उरणच्या मिठागरात राबलेला विठोबा आता खाटेवर दुमडून बसलेला असे. जेवण पोटात दोन-दोन दिवस कुजायचं आणि मग एकदम बाहेर पडायचं. नवरा, अल्पेश, ट्रेलर घेऊन सदा बाहेरगावी. त्यामुळे घमेलं तिच्याच वाट्याला. ते आठवून भाताच्या वाफेनंही तिला आताशा मळमळायचं.

त्या दिवशी घमेलं उचलताना तिच्या तोंडून "शी" निघून गेलं. हळूच, पण विठोबानं ऐकलं.

त्यानंतर उलट्या कमी झाल्या. सुचिताला सुटल्यासारखं वाटलं. मग एका दुपारी ती मागच्या दारी गेली, तर विठोबा ताटातला भात कोंबड्यांपुढे टाकत होता. अंगातली बंडी हँगरवर लटकावी तशी लोंबत होती.

"जेवत का न्हाय?"

"खाल्लं का वकावं लागतं. तुला किळस येते गो."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याच्या श्वासाचा आंबट भपकारा आला, तशी ती मागे सरकलीच.

तिनं त्याला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासलं. "जठराच्या खालच्या तोंडाशी, जिथून आतडं सुरू होतं तिथं, स्नायूचं कडं असतं," ते म्हणाले. "अन्न घुसळून पातळ झालं की ते थोडं थोडं पुढे सोडतं. यांच्या जुन्या अल्सरचे व्रण भरताना ते आवळून बसलंय. पुढची वाटच बंद. कॅन्सर नाही, पण ऑपरेशन करावं लागेल."

"म्हंजे वाल खाल्ल्यानं न्हाय झालं?" सुचितानं विचारलं.

"नाही हो."

ऑपरेशन झालं. अन्नाला बाजूनं नवी वाट मिळाली. आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात; सगळं पोटात टिकू लागलं. विठोबाच्या गालांवर मांस चढलं.

पुढं एके दिवशी सुचितानं दोघांची ताटं शेजारी मांडली. भात, बोंबलाचं कालवण. विठोबा चवीनं जेवत होता. मध्येच त्याला ढेकर आला. सुचिताचा घास तोंडातच थांबला. तिनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

विठोबानं तिच्याकडे पाहिलं. ताट उचललं, मागच्या पडवीत गेला आणि घराकडे पाठ करून बसला. तोंड मिटून, आवाज न करता, सावकाश जेवत राहिला.

सुचितानं त्याला हाक मारली नाही.