आतल्या कॉम्प्युटरची तारीख

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बारकीने आतला कॉम्प्युटर चालू केला. टपालवालीच्या पायाचं माप त्यात नव्हतं.

बारकी चव्वेचाळीस वर्षांची होती, पण मोठा भाऊ आहे तोवर हे नाव काही सुटणार नव्हतं. दोघांचा मिळून कृत्रिम पाय बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तीन खोल्या: पुढची गिऱ्हाइकांची, मधली प्लॅस्टरची, मागची कोरायच्या यंत्राची. दादा हाताचं काम करायचा, बारकी कॉम्प्युटर सांभाळायची. दोघांनाही ही वाटणी सोयीची होती. दादाला माऊस धरला की घाम फुटे, आणि बारकीने इतक्या वर्षांत एकाही माणसाच्या तुटलेल्या पायाला हात लावला नव्हता. मापं घ्यायच्या वेळी ती नेमकी चहा सांगायला गेलेली असे.

"आतला" हे त्यांचं घरगुती नाव. कोरायचं यंत्र वडिलांनी घेतलेलं, दणकट, अजून वीस वर्षं ओढेल असं. पण त्याचा प्रोग्राम एका जुन्या सिस्टीमवरच चालायचा, आणि ती सिस्टीम चालवणारा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. तेव्हा बारकीने नव्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याच्या पोटात दुसरा, जुना कॉम्प्युटर उभा केला. खरा डबा एकच. पण पडद्यावरच्या एका चौकटीत ती जुनी सिस्टीम आपलं घर वेगळंच आहे अशा समजुतीत सुखाने नांदायची. अडचण एकच उरली. प्रोग्रामची मुदत संपलेली आणि तो विकणारी कंपनी गाशा गुंडाळून गेलेली. बारकीने आतल्याची तारीख सरळ सोळा वर्षं मागे नेऊन ठेवली. "म्हणजे आत अजून बाबा आहेत," दादा तेव्हा म्हणाला होता.

नऊ दिवसांपूर्वी दादाने आत काहीतरी भलतंच दाबलं आणि यंत्राची जोडणीच उडवली. बारकी वैतागली. तिने सगळं दुरुस्त करून आतल्याची ती ठणठणीत अवस्था जपून ठेवली आणि असं लावून दिलं की बंद केल्यावर तो आपोआप त्याच अवस्थेला परत जाईल. दादाने काय घोळ घालायचा तो खुशाल घालावा. अशाने नवी मापंही पुसली जाणार, पण त्याचीही तजवीज होती: बाहेरचा, म्हणजे खरा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी आतल्याच्या नव्या फाइल्स उचलून स्वतःकडे ठेवणार होता. शिवाय ती आतल्याला कधी बंद करतच नसे, नुसती झोपवून जाई. काल मात्र दाढ ठणकत होती म्हणून ती लवकर निघाली आणि वाटेतून तिने दादाला फोन केला, "सगळं नीट बंद करून जा."

दादाने नीट बंद केलं होतं.

बारकीने बाहेरच्याचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता. तिने तो बंद करून पुन्हा उघडला, जणू दुसऱ्यांदा त्याला लाज वाटेल.

"दादा, काल तू काय दाबलंस?"

"बंद केलं. तूच म्हणालीस ना?"

"नीट आठव. दुसरं काहीतरी दाबलं असणार. तुझ्या हातात काही द्यायची सोय नाही."

हे ती जरा मोठ्यानेच बोलली. पुढच्या खोलीत टपालवाली बसली होती. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, डाव्या गुडघ्याखाली पायजम्याला गाठ. तिचा जुना पाय तडकला होता. उद्या सकाळी तिला साहेबांपुढे चालून दाखवायचं होतं; नाही दाखवलं तर तिचा भाग दुसऱ्याला जाणार आणि ती खिडकीमागे शिक्के मारत बसणार. सतरा वर्षं ती चालत पत्रं वाटत होती. तिची बस सहाची होती.

"किती वेळ लागेल?" दादाने हळूच विचारलं.

"दहा मिनिटं."

पुसलेल्या फाइल्स शोधणारं सॉफ्टवेअर तिने चालू केलं. तीन टक्के. ती उठली, खिडकी उघडली, आवाज येतो म्हणून लावली. पाच टक्के. काल घेतलेला प्लॅस्टरचा साचा असता तर प्रश्नच नव्हता, पुन्हा माप घेणाऱ्या यंत्राखाली धरला असता. पण साचा राहत नसे. माणसाच्या उणेपणाचा ठसा आपल्या फळीवर पडून राहू नये, हा वडिलांचा नियम. माप कॉम्प्युटरात गेलं की दादा त्याच दिवशी साचा फोडायचा. कालचा चुरा मधल्या खोलीत बादलीत होता. बारकीने तीही जाऊन पाहिली. चुरा तो चुराच.

साडेअकराला दादा दाराशी आला. "एकच्या आत नवा साचा घ्यायला घेतला, तर सहाची बस मिळेल. नंतर नाही."

"दहा मिनिटं, दादा."

"मघाशीही दहाच होती."

खरं तर नवा साचा घेणं हा सरळ मार्ग होता आणि तिला तो दिसतही होता. पण दादाने सांगितलं होतं, काल माप घेताना टपालवाली पूर्ण वेळ छताकडे बघत पडून होती आणि उठताना म्हणाली होती, "झालं ना एकदाचं? आता पुन्हा कोणापुढे उघडा करायला नको." तिला पुन्हा झोपा म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार. बारकीचा पाय तिथे अडत होता.

सत्तावन्न टक्के. हाताला चाळा म्हणून तिने रोजच्या नोंदी उघडल्या. काल: नव्या फाइल्स शून्य. परवा: शून्य. नऊही दिवस शून्य. दादा तर बंद कालच करून गेला होता. मग तिने ओळ नीट वाचली. बाहेरचा शेवटच्या खेपेनंतरच्या तारखेच्या फाइल्स उचलत होता. आणि आतल्यात बनलेल्या प्रत्येक फाइलवर सोळा वर्षांपूर्वीची तारीख पडत होती. बाहेरच्याच्या लेखी ती सगळी जुनी रद्दी. तो बिचारा सांगितलेलं काम चोख करत होता. तारीख तिनेच मागे नेली होती, परतायचं तिनेच लावून दिलं होतं, बंद कर असंही तिनेच सांगितलं होतं.

तिचे कान तापले. बारा पन्नास झाले होते. सॉफ्टवेअर एकाहत्तर टक्क्यांवर होतं, आणि आणखी दहा मिनिटं म्हणायचा मोह अजूनही होत होता. तिने ते तसंच सोडलं आणि बाहेर आली.

दादा टपालवालीपुढे स्टूल घेऊन बसला होता. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं, ताई," तो सांगत होता. "मला त्यातलं कळत नाही."

"त्याने काही केलेलं नाही," बारकी म्हणाली. "चूक माझी आहे. सगळी. तुमचं माप माझ्यामुळे गेलं, आणि सकाळपासून मी तुम्हाला नुसतं ताटकळत ठेवलं."

टपालवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे परत झोपायचं?"

"हो."

ती बराच वेळ गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने कुबड्या ओढल्या. "मग या वेळी तुम्ही घ्या. मी दाखवायचं, तर तुम्ही बघायचं."

बारकीने दादाकडे पाहिलं. तो आधीच कोमट पाणी ओतायला गेला होता.

प्लॅस्टरची ओली पट्टी गरम लागते हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. उरलेला पाय तिला वाटला होता त्याहून लहान आणि मऊ होता, आणि जिवंत होता; पहिला वेढा पडताच दचकला. दादा मागून सांगत होता, "खेच. अजून. हाडाच्या कडेने अंगठा दाब." टपालवाली आज छताकडे बघत नव्हती, बारकीच्या तोंडाकडे बघत होती, आणि बारकीला मान वर करायची हिंमत होत नव्हती.

दीडला माप आत गेलं. बारकीने ते लगेच पेनड्राइव्हवर घेतलं, बाहेरच्यावर घेतलं, परत जायची ती सोय काढून टाकली. यंत्र घरघरत पायाचा नमुना कोरू लागलं. प्लॅस्टिक तापलं, त्यावर चढलं, निवलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी टपालवाली पुढच्या खोलीत उभी राहिली. दारापर्यंत गेली, वळली, परत आली. "आतल्या बाजूला जरा सैल लागतंय. हाडाशी."

"तिथे मी घाबरले होते," बारकी म्हणाली. "लागेल म्हणून दाबलंच नाही."

दादाने जाड लोकरी नमद्याचा तुकडा कापला आणि तो स्वतः न लावता बारकीपुढे धरला. ती गुडघ्यांवर बसली, पाय उतरवला, तुकडा आत चिकटवला, या वेळी न कचरता हाडाच्या कडेने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पाय पुन्हा चढवला.

टपालवाली पुन्हा दारापर्यंत गेली. वळली नाही. कुबड्या न टेकता नुसत्या काखेत धरून ती बसच्या दिशेने तशीच चालत सुटली.

आत दादा कॉम्प्युटरपुढे उभा होता, हात माऊसपासून वीतभर लांब. "बारके, बंद करू?"

"कर," ती म्हणाली, आणि तो नीट करतो का ते बघायला गेली नाही. मधल्या खोलीत आजचा साचा फोडायचा राहिला होता.