कुठेच न जाणारा जिना

मी एक जुना जिना आहे. मित्रांनो, जिना म्हटलं की तुम्ही लगेच विचाराल, कितव्या मजल्यावर नेतोस? कुठल्याच नाही. माझ्या तीन पायऱ्या वर चढतात, मधे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढा चौथरा आहे आणि पलीकडे तीन पायऱ्या खाली उतरतात. चढणारा फिरून जमिनीवरच येतो. तरीही माझ्यावर जेवढा घाम गळला आहे तेवढा सोलमधल्या उंच इमारतींच्या जिन्यांवर गळला नसेल. तिथे लोक लिफ्टने जातात.

मी कोरियातल्या गांगवॉनच्या डोंगरांतला, कोळशाच्या गावातला. मुळात मी पाइनचं लाकूड होतो. बोगद्याच्या छपराला खालून आधार द्यायला टेकू लागतात, त्यासाठी मला तोडून आणलं होतं. पण मी खाणीत कधी उतरलोच नाही. वरच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली, माझ्यासारख्या शेकडो ओंडक्यांच्या ढिगात वर्षानुवर्षं पडून राहिलो. लाकूड जपून वापरा, असा वरून हुकूम होता. त्या हुकमाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

खाण बंद पडली तेव्हा गिल मांसॉक नावाच्या सुताराने मला ढिगातून उचललं. तो आयुष्यभर टेकू ठोकत आला होता. गावातल्या इस्पितळाला हृदयाच्या आणि छातीच्या रोग्यांच्या व्यायामासाठी एक जिना हवा होता. इस्पितळाचे साहेब म्हणाले, चार पायऱ्यांचा कर.

"चार?" मांसॉक खेकसला. "खाणीतल्या माणसांना मरणाच्या आकड्यावर चढवता? मग जिना कशाला, सरळ शवपेटीच ठोकून देतो की!"

म्हणून मी तीन पायऱ्यांचा झालो. आमच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार एकच, म्हणून गावात चार आकड्याला कोणी जवळ करत नाही. व्यायामाच्या दालनात आजही म्हातारे "एक, दोन, तीन, पाच" असंच मोजतात आणि नवीन आलेल्या डॉक्टरांचा पार गोंधळ उडवून देतात.

माझ्यावर नाना तऱ्हेची माणसं चढली. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले लोक छातीशी उशी घट्ट धरून यायचे, कारण खोकला आला की टाके ओढले जातात. पण सगळ्यांत जास्त आले ते जुने खाणकामगार. कोळशाची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. तरुणपणी पाळी संपली की ते डुकराचं चरबीदार मांस भाजून खायचे, वर सोजू दारूचे पेले रिचवायचे आणि म्हणायचे, धूळ धुऊन निघाली. ती निघाली नव्हती.

त्यांच्यातलाच एक म्हणजे ब्यॉन दुसिक. वय बासष्ट, खांदे अजून रुंद, आणि जीभ तिखट. तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "हा जिना? माझी नात याहून मोठ्या खेळण्यावर चढते." आणि तिसऱ्या पायरीवर त्याला अशी धाप लागली की कठडा धरून तो पाच मिनिटं बोलू शकला नाही. मला राग आला होता, हे कबूल करतो. नंतर मात्र त्याची कीव आली.

दालनातली व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणजे मो येजिन. वयाने लहान, पण नजर तीक्ष्ण. तिने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि विचारलं, "काका, एवढी घाई कसली?"

"चुसॉक," तो म्हणाला.

चुसॉकला अजून सात आठवडे होते. त्या पौर्णिमेला आमच्याकडे सगळे आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातात, गवत काढतात, नवा तांदूळ आणि दारू ठेवतात. दुसिकला गावामागच्या टेकडीवर जायचं होतं. तिथे त्याचा खाणीतला जोडीदार प्यो ह्वानगु पुरलेला होता. ह्वानगु त्याच्याहून मोठा, म्हणून तो त्याला दादा म्हणायचा. चौतीस वर्षांपूर्वी बोगद्याचं छप्पर कोसळलं तेव्हा ह्वानगु आतच मेला आणि दुसिक वाचला. तेव्हापासून दर चुसॉकला त्या थडग्यावरचं गवत दुसिकच कापत आला होता. गेल्या वर्षी मात्र त्याला अर्ध्या वाटेवरून जावयाच्या पाठीवर बसून परत यावं लागलं. आणि यंदाचा चुसॉक शेवटचा होता. ह्वानगुचा मुलगा बुसानला स्थायिक झाला होता. सणानंतर तो बापाच्या अस्थी काढून तिकडच्या अस्थिगृहात नेणार होता.

"टेकडीला बहात्तर पायऱ्या आहेत," दुसिक म्हणाला. "मला माझ्या पायांनी जायचंय. दादाशी एक बोलायचं राहिलंय."

येजिनने हिशेब केला. माझ्यावरून चोवीस फेऱ्या म्हणजे बहात्तर पायऱ्या. "मधे हवं तेवढं थांबा," ती म्हणाली, "पण चिमट्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला नाही पाहिजे. चोवीस फेऱ्या जमल्या तर मी स्वतः ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन सोबत येईन. नाही जमल्या तर डॉक्टर सोडणार नाहीत आणि मीही नाही."

दुसिकची चूक तिला पहिल्याच दिवशी सापडली. तो श्वास रोखून चढायचा. धुळीत काम करणाऱ्यांना ती सवयच असते. तिने सांगितलं, उभं असताना नाकाने श्वास घ्यायचा आणि पायरी चढताना ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. आजारी फुप्फुसात जुनी हवा अडकून बसते. ती बाहेर गेली तरच नवीन आत येते.

"सोपं आहे, काका. शिट्टी वाजवताना ओठ करतो ना, अगदी तसे करा."

भिंतीजवळ बसलेले दोन म्हातारे जमिनीकडे बघू लागले. दुसिकचा चेहरा दगडासारखा झाला.

"पोरी," तो म्हणाला, "पुन्हा हे बोलू नकोस."

बिचारी येजिन शहरात वाढलेली. खाणीत कोणी शिट्टी वाजवत नाही, हे तिला कोण सांगणार? शिट्टीने डोंगर जागा होतो, छप्पर खाली येतं, असं जुने लोक मानतात. इतर म्हाताऱ्यांनी कुरकुरत का होईना ओठांचा चंबू केला. "आम्ही आता जमिनीवर आहोत, डोंगर ऐकणार नाही," असं म्हणत ते हसले. दुसिकने मात्र ऐकलं नाही. पुढे येजिनच्या लक्षात आलं की तो गरम कालवणसुद्धा फुंकून पीत नाही, निवेपर्यंत वाट बघतो. तिने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात टेकले. तीन आठवडे गेले आणि तो पाच फेऱ्यांपुढे सरकला नाही.

चौथ्या आठवड्यात दालनात एक नवीन बाई आली. बुटकी, केस पांढरे, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिला पाहताच दुसिक कमरेत वाकला आणि तसाच मागच्या दाराने सटकू लागला.

"भावजी, पळताय कुठे?" ती म्हणाली. "पळून तरी किती लांब जाल? दोन पावलांत धाप लागेल."

ती कु माल्सुन, ह्वानगुची बायको. नवरा खाणीत दगावला की कंपनी त्याच्या बायकोला कोळसा निवडायच्या पट्ट्यावर लावून घ्यायची. माल्सुनने तिथे एकवीस वर्षं दगड वेचले. तिची दोन्ही मुलं त्यावर मोठी झाली आणि तीच धूळ तिच्याही छातीत जाऊन बसली. जी धूळ नवऱ्याने खाल्ली तीच बायकोनेही खाल्ली, आणि दोघांपैकी एकाचंही पोट तिने भरलं नाही.

माल्सुन श्वासाचा व्यायाम दोन दिवसांत शिकली. येजिन म्हणाली, वा मावशी! तर ती म्हणाली, "अगं, चौतीस वर्षं उसासेच टाकतेय. मला काय शिकवतेस?"

तो प्रसंग मंगळवारी दुपारी घडला. दुसिक सहाव्या फेरीला निघाला होता. तिसऱ्या पायरीवर त्याने श्वास रोखला, ओठ निळे पडले आणि तो माझ्या चौथऱ्यावर मटकन बसला. चिमट्यावर एक्क्याऐंशी आकडा दिसत होता. येजिन नळकांडं आणायला धावली. माल्सुन कठडा धरून वर आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

"फुंका, भावजी. ओठ मिटा आणि फुंका."

त्याने मान हलवली. येजिनने नळी लावली. थोड्या वेळाने आकडा वर चढला आणि त्याला आवाज फुटला. तो माझ्या पायरीकडे बघत बोलत होता, माल्सुनकडे नाही.

"वहिनी, मी फुंकू शकत नाही. त्या दिवशी शिट्टी मी वाजवली होती. मुलगी झाल्याचा निरोप आला होता, मी आनंदात होतो. भान राहिलं नाही. दादा म्हणाला, गप रे गाढवा. आणि तेवढ्यात..." त्याने नाकाची नळी सारखी केली. "दर वर्षी गवत कापतो आणि सांगू सांगू म्हणून तसाच उतरतो. दादाला मी मारलं, वहिनी."

मित्रांनो, माझ्यावर खूप माणसं रडली आहेत. पण ते दुखण्याने रडायचे. हा माणूस रडला तेव्हा मला माझ्या खिळ्यांत कळ आल्यासारखं वाटलं.

मला वाटलं आता माल्सुन उठून जाईल. तिला तो हक्क होता. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

"डबा मी भरला होता," ती म्हणाली. "भाताचे तीन डाव घालायचे, नाहीतर पाच. चार कधीच नाही. सासूने पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्या सकाळी धाकटा रडत होता. मी डबा भरता भरता त्याच्याकडे धावले, परत येऊन आणखी भात घातला. तीन झाले की चार, मला आजही आठवत नाही. चौतीस वर्षं रोज भात वाढताना मोजतेय, भावजी. मी कोणाला सांगितलं?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. एवढ्याशा गावात, एकाच बाजारात कोबी घेत, एकाच चुसॉकला एकमेकांना तांदळाचे उकडलेले सोंगप्यॉन पाठवत, ह्या दोघांनी एकाच मरणाचं ओझं वेगवेगळं वाहिलं होतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही.

भिंतीजवळ खुर्चीत एक खूप म्हातारा बसला होता, नाकाला नळी लावून. तो गिल मांसॉक होता, मला घडवणारा. तो थांबत थांबत बोलला, कारण त्याला एका श्वासात चारपाच शब्दच जमायचे.

"मूर्ख आहात दोघंही. त्या बोगद्यात टेकू... मी ठोकले. दर चार फुटांवर लागायचे, मला... आठ फुटांवर ठोकायला लावले. लाकूड वाचवा म्हणाले. आवारात ढीग पडला होता." त्याने काठी माझ्याकडे रोखली. "हे त्यातलंच. मी बोललो नाही. नोकरी जाईल म्हणून... बोललो नाही."

तेव्हा मला कळलं मी कोण आहे. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर मी धरायला हवं होतं तो आत मेला आणि मी वर पत्र्याखाली वाळत पडलो होतो. मी लाकूड आहे, माझा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. दुसिकलाही सगळे तेच सांगत आले असते, त्याने तोंड उघडलं असतं तर.

माल्सुन उठली. तिने दुसिकच्या दंडाला धरलं. "ऐकलंत? आता फुंका. माझ्या देखत फुंका. छप्पर पडलं तर दोघांवर पडेल."

त्याने ओठांचा चंबू केला. पहिली फुंकर लहान लेकराने टाकावी तशी होती. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि खांदे आवळले होते. काहीच पडलं नाही. येजिन म्हणाली, "आता पाय उचला." तो एक पायरी उतरला आणि फिरून एक चढला.

पुढचे दिवस सांगत बसत नाही. सात, नऊ, बारा, सोळा. माल्सुन खाली उभी राहून मोजायची, "एक, दोन, तीन, पाच," आणि तो चुकला की म्हणायची, "भावजी, मढ्यासारखा श्वास नका कोंडू, वेळ आहे अजून त्याला." चुसॉकच्या तीन दिवस आधी त्याने चोवीस फेऱ्या पूर्ण केल्या. आकडा एकोणनव्वदवर थांबला. येजिन खुर्चीवर बसून रडली, आणि मग म्हणाली की डोळ्यात काहीतरी गेलं.

सणाच्या दिवसांत दालन बंद होतं. मी अंधारात एकटा, आणि टेकडी माझ्या नशिबात नाही. कुठेच न जाणाऱ्या जिन्याने वाटच बघायची असते.

चौथ्या दिवशी माल्सुन आली आणि तिने सगळ्यांना ऐकवलं. तीसुद्धा वर गेली होती. बहात्तर पायऱ्यांना एक तास चाळीस मिनिटं लागली. लहान लहान मुलं त्यांना ओलांडून वर गेली आणि खाली परतही आली. वर पोहोचल्यावर दुसिकने दादापुढे डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. मग दारू ओतली, आणि मग उभा राहून, उरलेल्या श्वासात, शिट्टी वाजवली.

"इतकी बेसूर," माल्सुन म्हणाली, "की आमचे हे असते तर उठून थोबाडीत मारली असती." ती हसली, आणि हसताना तिला खोकला आला, आणि तिने ओठ मिटून तो हळूहळू शमवला.

दुसिक त्यानंतर दोन हिवाळे जगला. मांसॉक त्याच्याही आधी गेला. आता दालनात चकचकीत यंत्रं आली आहेत. त्यांच्यावर पट्टा सरकतो, दिवे लागतात, गाणीही वाजतात. माझ्या कठड्यावर लोक कोट टांगतात. कधीकधी वाटतं, मलाही आता सरपणात टाकतील. पण माल्सुन अजून मंगळवारी येते, कोट बाजूला काढते आणि माझ्यावरून पाच फेऱ्या मारते. चौथ्या फेरीला चौथी म्हणायला ती अजूनही तयार नाही. फक्त एवढंच की तिसरीनंतर ती जरा थांबते आणि हसते.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. जिन्यात मधेच कोणी म्हातारं माणूस कठडा धरून उभं दिसलं तर "काय झालं?" असं विचारत बसू नका. उत्तर द्यायलाही श्वास लागतो. नुसते त्याच्या शेजारी उभे राहा, त्याच्याच पायरीवर. तो ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर सोडेल. हसू नका. कोण जाणे किती वर्षांची कोंडलेली हवा बाहेर येत असेल. ती पूर्ण बाहेर येऊ द्या, आणि मग त्याने पाय उचलला की तुम्हीही उचला.