अलग डबीतली सुई

ऐंशीच्या हिवाळ्यातली गोष्ट. करडीच्या बाजारात दर आठवड्याला दवाखाना मांडणारा डॉक्टर सगळ्यांना एकाच सुईने टोचत होता. अख्खं गाव ज्यांना मालक म्हणतं त्या लक्ष्मणरावांना टोचलं, सुई कोमट पाण्यात बुचकळली, लगेच जनाबाईला टोचलं. कवडूची पाळी आली तेव्हा मात्र त्याने दुसरी डबी उघडली.

कवडूचं डोकं सणकलं. चहाच्या टपरीवर त्याच्या वस्तीची कपबशी अशीच वेगळी ठेवत.

"काहून साहेब, मले अलग सुई? माही जात टोचते काय तुमाले?"

"जात नाही रे बाबा. दिवाळीत तुला कावीळ झाली होती. तुझ्या रक्तातून दुसऱ्याला लागेल."

कवडूचा संशय गेला नाही, तो फक्त दुसरीकडे वळला. दिवाळीआधी, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, त्याने एकदाच सुई टोचून घेतली होती. याच स्टुलावर बसून.

"मंग मले कोनाच्या रक्तातून लागली, साहेब?"

डॉक्टरने डबीतली सुई उचलली. "लाइन मोठी आहे. बाही वर कर."

"नाही करत. स्टो पेटवा. सुया खदखदा उकळू द्या, माही बी अन् या लोकायची बी. तोवर कोनालेच टोचू देत नाही."

"मोठा शहाना झाला बे!" लक्ष्मणराव खेकसले.

जनाबाई दंड चोळत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मालक, तुमी आंधी सांगा," ती म्हणाली, "तुमाले कधी कावीळ झाली होती काय?"