इस्त्री थांबते तिथे

तर भोंगा. लहानपणी तो रडायला लागला की शेजारपाजारचे खिडक्या लावून घ्यायचे, तेव्हापासून हेच नाव, खरं नाव आता आईलाही जरा आठवून सांगावं लागतं. हा भोंगा मामाच्या लाँड्रीत गल्ल्यावर बसतो, पावत्या फाडतो, आणि मनातल्या मनात फार मोठा लेखक आहे. मनातल्या मनातच, हं! बाहेर फक्त मामीला माहीत होतं. ती त्याला ‘आमचे साहित्यिक’ म्हणायची, तेही ‘आमचे साहित्यिक, जरा त्या चादरी उचला’ अशा वाक्यात.

त्याच्या गोष्टी कशा, तर तापात स्वप्नं पडतात ना, तशा. कुणाचं तरी प्रतिबिंब आरशातून उठून कामाला जातं आणि संध्याकाळी दमून परत येतं, असलं सगळं. छापायला कुणी घेईना. मग यानं ठरवलं, आपण वाचून रेकॉर्ड करायच्या आणि जगाला ऐकवायच्या. जगाला विचारलं नाही, तो भाग वेगळा.

जागा सापडली दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथे धुतलेले कोट आणि ब्लँकेटं अशी दाटीवाटीनं टांगलेली असतात की आवाज घुमत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भोंगा कोटांच्या मधोमध स्टूल टाकायचा, घसा खाकरून आवाज खोल करायचा आणि वाचायचा. पडद्यापलीकडे मामा इस्त्री करत असायचा. वाफेची जाडजूड इस्त्री, बटण दाबलं की ‘फुस्स’ करणारी. भोंग्याला वाटलं, एवढ्या कोटांतून काय डोंबल ऐकू जाणार आहे!

गेलं की. सगळंच्या सगळं गेलं.

आरशाची गोष्ट इंटरनेटवर टाकली आणि लोकांनी खाली धडाधड लिहायला सुरुवात केली. ‘अंगावर काटा आला!’ हे वाचून भोंगा खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. मग पुढची ओळ वाचली. ‘मागे कुणीतरी श्वास घेतंय ना, त्यानं.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘तो श्वास घेणारा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, वा!’ तिसरा म्हणे, ‘ऐन भीतीच्या जागी श्वास थांबतो, काय टायमिंग!’ आणि एका बाईनं तर कळसच केला, ‘शब्द थोडे कमी केलेत तर श्वास आणखी छान ऐकू येईल.’

शब्द थोडे कमी!

शहाण्या माणसानं खरं सांगून टाकलं असतं. भोंग्यानं काय लिहिलं? ‘धन्यवाद. तो श्वास मी फार विचारपूर्वक ठेवला आहे.’ लिहिताना कान लाल झाले, पण बोटं थांबली नाहीत.

नेमक्या त्याच सुमाराला मामाच्या हातून कपडे जळायला लागले. इतक्या वर्षांत कधी नाही, आणि आता एका उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग, कुणाच्या पॅंटवर डाग, बरोब्बर इस्त्रीच्या आकाराचे. मामी हादरलीच.

“अहो, डोळे गेले तुमचे. चला, दाखवून येऊ.”

डॉक्टर म्हणाले, नजर ठणठणीत. मामी म्हणाली, “मग डोकं गेलं. पुन्हा एक कपडा जाळलात तर इस्त्री मी धरणार आणि तुम्ही गल्ल्यावर.” मामानं पुढचा कपडा टेबलावर ओढला. तो तसाही कधी काही बोलायचा नाही. भोंग्याच्या गोष्टींबद्दल तर एक अक्षर नाही.

आणि मग फोन आला. ऐकणाऱ्यांचा एक गट होता, दर महिन्याला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये भेटणारा. फोनवर त्यांची चष्मेवाली प्रमुख. “आमच्यासमोर नवीन गोष्ट वाचाल का? दुपारीच, पण आम्ही पडदे ओढून अंधार करू. आणि सर, तो श्वास नक्की आणा हं.”

सर! भोंग्याला आजवर ‘सर’ म्हणजे ‘बाजूला सर’ एवढंच माहीत होतं. लगेच हो म्हणून बसला. फोन ठेवल्यावर मात्र ध्यानात आलं. सगळे जमणार ते इस्त्रीसाठी. त्याची इच्छा तरी केवढी होती हो? एकदा, आयुष्यात एकदा, कुणीतरी त्याच्या एखाद्या वाक्यापाशी अडावं. वाफेपाशी नाही, वाक्यापाशी.

“मामा, तू येशील ना?”

“म्हणजे तू खुर्चीत बसणार आणि मी चारचौघांत कपडे ठोकणार?”

“पडद्यामागे रे. कुणाला दिसणार नाहीस.”

“रिकामी इस्त्री मी फिरवणार नाही. कपडा पाहिजे.”

“गिऱ्हाइकाचा नको! हा माझा घे, नवा शर्ट. वाचून झालं की फोटोसाठी घालीन.”

“साहित्यिकांचा फोटो,” मामी आतून म्हणाली. “जळला तर याद राखा दोघं.”

खूण अशी ठरली, भोंग्यानं एकदा पाय आपटला की फुस्स, दोनदा आपटला की बंद. तालीमही केली, फक्त गोष्टीचा शेवट सोडून, कारण शेवट भोंगा आदल्या दिवसापर्यंत खोडतच होता.

हॉल भरलेला. पडद्यामागे मामा, टेबल, शर्ट. भोंग्यानं सुरुवात केली. असं एक शहर, जिथे संध्याकाळ झाली की घरं आपापल्या जागा बदलतात, आणि कामावरून येणारी माणसं रोज आपलं घर शोधत हिंडतात. पाय आपटला, फुस्स. पाय आपटला, फुस्स. पुढच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, “आज श्वास जरा यांत्रिक वाटतोय.” मागे एक जांभई. मग दुसरी. भोंग्याच्या हातातले कागद घामानं चिकटायला लागले. तो दोनदा आपटायच्या जागी तीनदा आपटला, मामानं बिचाऱ्यानं वाफ एकदा सोडली, एकदा बंद केली, कुणीतरी हसलं. झालं. भोंग्यानं मनात म्हटलं, खड्ड्यात गेली ती खूण. पाय आवळून घेतला आणि नुसता वाचत सुटला.

वाचता वाचता पडद्यामागून फुस्स यायला लागलं. हळू, सावकाश, आपलं आपण. दुकानात येतं तसं.

गोष्टीतली बाई गल्ल्या पालथ्या घालते. शेवटी घर सापडतं. दार उघडते. आत ती स्वतःच बसलेली असते, जेवत. आणि जेवणारी मान वर न करता म्हणते, “उशीर केलास. दार लाव.”

फुस्स थांबलं.

भोंग्यानं पाय आपटला नव्हता, बरं का. अख्खा हॉल चिडीचूप. भोंगाही गप्प, कारण कागदावर त्यानंच लिहिलं होतं, इथे थांबायचं. तेवढ्यात वास आला. जळका. आणि पडद्यामागून मामाचा आवाज, चांगला खणखणीत,

“अरे भोंग्या, थांबलास काय? ती दार लावते का नाही?”

भोंग्याच्या डोक्यात लख्ख पडलं. उशीचा अभ्रा! तो जळला ते, प्रतिबिंब दमून परत येतं तो भाग वाचला त्या दुपारी. पॅंट जळली ती त्याच्या पुढच्या गोष्टीत. अहो, मामाची नजर नाही, डोकं नाही, काही गेलं नव्हतं. हात थांबत होता. वाक्यापाशी!

आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं, हाच शेवट. पान-दीड पान बाकी होतं अजून! चष्मेवाली धावत आली. “सर, तो जळका वास! आणि शेवटी श्वासानंच बोलायचं, कसं सुचलं?”

‘फार विचारपूर्वक’ हे शब्द जिभेवर आले होते. भोंग्यानं गिळले. “तो श्वास नाही हो, माझा मामा आहे. इस्त्री करत होता. त्याला खरंच कळायला हवं होतं.” सगळे खदाखदा हसले. “किती विनोदी आहात!” म्हणाली ती.

फोटोत भोंगा जळका शर्ट घालून उभा आहे. डाग पाठीवर होता, म्हणून समोरून दिसत नाही. दुकानात मामीनं बरोबर पाठीमागूनच पाहिला.

“झालं! आता इस्त्री माझ्याकडे!”

“मामी, त्याची चूक नाही. मी वाचतो म्हणून त्याचा हात थांबतो.”

मामीनं मामाकडे पाहिलं. मामा लाजला, खरंच लाजला, आणि इस्त्री टेबलावर ठेवून वायर सोडवत बसला. “ते राहू दे,” तो भाच्याला पुटपुटला. “दाराचं सांग.”

“हो, काय ते दार सांगा एकदाचं,” म्हणत मामीही कपड्यांच्या गठ्ठ्यावर टेकली.

मामानं सवयीनं इस्त्रीचा प्लग लावलाच होता. भोंग्यानं आधी तो उपटला, आणि मग उरलेलं दीड पान काढलं.