आहेर आणू नये

पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलं होतं, तरी कौशल्यानं आहेर घेतलाच. सख्ख्या बहिणीची लेक बोहल्यावर चढणार आणि मावशीनं हात हलवत जायचं? चिकपेटचा साडीबाजार पालथा घालून तिनं दिव्यश्रीसाठी साडी आणली.

बसवनगुडीच्या कल्याण मंटपात, लग्नाच्या कार्यालयात, शिरताना तिची लेक भूमिका दारातच थबकली. गुलाबपाण्याच्या टेबलाशेजारी माणसाएवढा फलक उभा होता. त्यावर भूमिकाचा हसरा फोटो, दिवाळीत दिव्यश्रीनंच काढलेला. खाली लिहिलं होतं, "आहेराऐवजी एक स्वप्न भेट द्या. वडील गमावलेल्या या मुलीला नर्स करू या." त्याखाली क्यूआर कोड. पाहुणे मोबाइल धरत होते आणि मान वळवून भूमिकाकडे बघत होते. एक बाई तर तिच्या गालावरून हात फिरवून हळहळली.

हल्ली दानाचीही फॅशन निघाली आहे. पूर्वी देणारा नजर चुकवून द्यायचा, आता घेणाऱ्यालाच नजर चुकवावी लागते.

"आई, कॉलेजच्या ग्रुपवर पण आलंय हे," भूमिका पुटपुटली. "घरी जाऊ या."

कौशल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भूमिकाची नर्सिंगची फी थकली होती हे खरं. पण ते तिनं फक्त थोरल्या बहिणीच्या, दिव्यश्रीच्या आईच्या, संयोगिताच्या कानावर घातलं होतं. कौशल्यानं फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि ती थेट स्टेजवर गेली.

"स्वल्प सबूर कर गं," संयोगिता दबक्या आवाजात म्हणाली. "व्याह्यांना केवढं आवडलंय. फी भागली ना?"

"भागली, अक्का. माझी पोर दारात उभी करून भागली."

दिव्यश्री गोंधळली. "मावशी, चांगलंच करायला गेले मी. हेब्बाळला आमच्या ऑफिसात सगळे असंच करतात. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

"आलेले पैसे ज्याचे त्याला परत कर."

"मग फी कुठून भरशील?" संयोगितानं विचारलं.

त्या प्रश्नानं कौशल्याचा संताप आणखी वाढला. मागे पाहुण्यांची रांग खोळंबली होती. फोटोग्राफर कॅमेरा खाली करून उभा राहिला.

"मावशी, पण लोकांना सांगू काय?" दिव्यश्रीनं विचारलं.

"सांग, पोरीला आई आहे. तिला विचारायचं राहून गेलं."